पावणेसात लुगडी वायर

न्हाई, ते खोडू नको. चोर म्हनून पहिल्यांदा मीच म्हनलं व्हतं, तर तसंच राहू दे. नम्रता, तू लिहीत जा, आन सारखं माझ्या तोंडाकडं बघू नको, मी काय बोलत व्हते तेच इसरते.

तर पोपट वायरमन. बापूराव चेअरमन हायेत त्या सोसायटीत त्याला वर्षभराचं काम मिळायचं चाललं व्हतं. आठ बिल्डिंगा, लिफ्टा, पान्याचे पंप, समदं त्याच्याकडं. तिथं मीटिंगमधी कुनीतरी म्हनलं, ह्यो मानूस तांबं पळवतो. आन काम अडकलं. कुनीतरी म्हनलं म्हंजे फिरून फिरून मीच म्हनलं. म्हनून तुझ्या कॉलेजच्या अंकात छापायला सांगते. तू म्हनली व्हतीस, एखाद्या साध्या मानसावर लिहून पायजे. ह्यो घे साधा मानूस.

घराच्या मागं, परसाच्या पार टोकाला, तुझ्या बापानं टेम्पोसाठी ग्यारेज बांधलं. पुढं बाजूला बिल्डिंगा झाल्या, बोळ आवळला, टेम्पो नगर रोडला उभा राहायला लागला. ग्यारेजात ऱ्हायली पोती आन तुझी मोडकी सायकल. तुझा बाप दिग्विजय पंधरा-पंधरा दिवस गाडीवर, तुझी आई होस्टेलच्या पोरींचे डबे करून दमलेली. तिनं ठरवलं, ग्यारेजात मिरच्या कांडायचा डंका टाकायचा, आन दिवाळीला पिठाची गिरनी. चैत्र-वैशाखात वाघोलीतल्या बाया मिरचीची पोती घिऊन खराडीपर्यंत जात्यात. ते दोन महिने गेले की डंक्याला कोन इचारतंय.

डंका आला, ग्यारेजात बसला. पन मीटर घराच्या पुढच्या भितीला आन ग्यारेज मागं. तिथवर वायर न्यायची आन तिथं दुसरी पेटी बसवायची, मेन पेटीची धाकटी भैन म्हन. दवाखान्यातल्या शालन आयाचा नवरा वायरमन हाय म्हनून तुझ्या आईनं त्याला बोलावलं.

पन्नाशीचा, बारीक, वर्ध्याकडचा. कानावर पेन्सिल, ती बी सुरीनं तासलेली. बोलनं गोड पन कमी. मला कमी बोलनारा मानूस पटत न्हाई. जे बोलत न्हाई ते जातं कुठं?

आला तसा वायरीचं नावच काढंना. तुझ्या आईला इचारतो, "घरात गीझर किती? फ्रिज? एसी आहे का? पाण्याची मोटर कितीची?"

मी वट्ट्यावर लसून सोलत व्हते. म्हनलं, "तिजोरी कुठं हाय ते इचारायचं ऱ्हायलं बघा."

त्यो हसला बी न्हाई. "तिजोरीला वीज लागत नाही जी," म्हनला आन वहीत लिहीत ऱ्हायला.

मग ग्यारेजाचं. डंका कितीचा, गिरनी कितीची, दिवे किती, पुढंमागं बॅटरीची स्कूटर घेनार का. "डंका आणि गिरणी एकदम चालवाल, की एक बंद करून एक?"

तुझी आई म्हनली, "आत्ता फक्त डंका. गिरणी दिवाळीला."

"मग दोन्ही एकदम धरतो. जमिनीत गेलेली वायर दिवाळीला पुन्हा उकरायची नाही."

म्हनलं, बघा, अजून आनलेली न्हाई त्या गिरनीची वायर ह्यो आत्ताच घालतोय.

मग परसात गेला. मधोमध माझा म्हसोबा. सासूबाईनं पुजला, आता मी पुजते. रोज सकाळी दोन कळश्या पानी, अनवानी. पोपट तिथं जाऊन उभा ऱ्हायला. लांबच उभा, पन नजर तिथंच. पायाच्या अंगठ्यानं माती दाबून बघितली.

"आजी, रोज किती पाणी घालता इथं?"

"का? पान्याचं बी मीटर बसवता का तुमी?"

"नाही जी. सहज." आन वहीत लिहिलं.

सहज लिहितं का कुनी? म्हसोबाला चांदीचे डोळे हायेत, दिग्विजय जन्मला तवा सासूबाईनं घातलेले. म्हनलं, ह्याची नजर डोळ्यांवर हाय. त्यो गेला तसे मी डोळे काढले आन तांदळाच्या डब्यात ठेवले. चार दिवस म्हसोबा आंधळा. तुला ठाव न्हाई ते, तू तवा परीक्षेत व्हतीस.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं. वायर दहाची, पंचावन्न मीटर. दहाची म्हंजे जाडी. आपल्या घरातल्या दिव्यांना दीडची असती म्हनं. आन ग्यारेजाच्या मागं खड्डा करून अर्थिंग वेगळं.

राकेश, माझ्या भावाचा पोरगा, पोरापोरींच्या होस्टेलांची वायरिंग करतो. त्यो म्हनला, "आत्या, सिंपल हाय. चारची बास झाली. दहाची घालून इमान उडवायचंय का? तांबं हाय ते. उरलेलं कुठं जातंय ते बघ तू. आन त्याला रांजनगावच्या कंपनीतनं काढला का, ते बी इचार."

मी इचारलं. मी सोडते व्हय.

"कंत्राट संपलं," पोपट म्हनला. "सत्तावीस जण निघालो."

"सत्तावीस जन एकदम? मग काम मोठंच केलं असंल."

त्यानं पेन्सिल कानावर ठेवली आन तुझ्या आईला जाडीचं समजवायला लागला. डंका उठताना एकदम पाच-सहा पट वीज ओढतो. बारीक वायर असली तर तिथवर जाईपर्यंत जोर कमी पडतो, डंका उठत न्हाई, वायर तापती. जेवढं लांब तेवढी जाड वायर. ते मला पटलं, खोटं कशाला सांगू. लांबून घागर आनली की हिंदकळून पानी सांडतं, तसलं काहीतरी. पन मग लांब कशाला? जाड कशाला इचारलं तर लांब म्हनून. आन लांब कशाला इचारलं तर गप. नुसता म्हसोबाकडं बघतो.

मी यमुनाबाईला बोलावलं. शेजारीन म्हनून न्हाई, तिला डोळ्यानं लांबचं दिसतं म्हनून. दोरीचा भरवसा न्हाई, दोरी तानती. लुगडं नऊ वारचं म्हंजे नऊ वारचं, दुकानदारानं माझ्यासमोर गजानं मोजलेलं. एक पदर तिच्या हातात दिला.

"वाळत घालायचंय का परस झाकायचंय?" यमुना म्हनली.

"मोजायचंय. भितीला लावून धर."

"ह्या वयात लुगडं सोडून हिंडतीस, लोक काय म्हनतील."

"ट्रंकेतलं हाय ते. नेसलेलं नेसलेलंच हाय. धर गप."

मीटरच्या भितीपासनं ग्यारेजाच्या भितीपर्यंत, सरळ, म्हसोबाला खेटून. चार लुगडी भरली, वर हातभर. मग तुझ्या आईला नुसतं इचारलं, पंचावन्न मीटर म्हंजे लुगडी किती गं. तिला वाटलं मला लुगडी घ्यायचीत. ती म्हनली, पावनेसात.

आता सांग. चार लुगड्यांत माझं परस संपतं. वरची पावनेतीन कुठं चालली?

यमुना म्हनली, "बायकोला नेसवनार असंल. तांब्याचं लुगडं."

आन तिथं मी म्हनलं ते. म्हनलं, "चोर हाय त्यो."

यमुनाला सांगनं म्हंजे तुमच्या त्या मोबाईलवर टाकनं. दुपारच्याला टँकरच्या रांगेत गेलं. संध्याकाळी सदाशिव पेठेत तिच्या भैनीकडं. कर्वेनगरला तिची लेक हाय, तिकडं बी. आन टँकरच्या रांगेत बापूरावांच्या सोसायटीचा वॉचमन व्हता.

वायरीचं भेंडोळं आलं तवा राकेश बी आलेला. वायरीवर मीटरा-मीटराला आकडे छापलेले असत्यात. मी तुझ्या आईला शेवटाचा आकडा वाचायला लावला. पंचावन्न. बरोबर भरली, म्हंजे माझा संशय आनखी पक्का.

पोपटाला म्हनलं, "चार लुगड्यांचं परस हाय माझं. तुमची वायर पावनेसात लुगडी. बाकीचं कुठं नेसवनार?"

त्यानं आधी म्हसोबाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आजी, वायर लुगड्यासारखी सरळ जात नाही."

"मग कशी जाती? नागमोडी?"

राकेश म्हनला, "नागमोडी घरी जाती ती, आत्या."

पोपट उठला. पक्कड पुसली, पिशवीत ठेवली. टेस्टर ठेवला. हातोडी ठेवली. मग पिशवी माझ्यासमोर उघडी धरली. "बघून घ्या."

म्या वाकून बघितलं. ते बी लिही.

जाताना तुझ्या आईला एक कागद दिला, म्हनला, दुसरा कोणी आला तर त्याला दाखवा. तुझ्या आईनं त्यो मसाल्याच्या वहीत ठेवला. ती माझ्याशी दोन दिवस बोलली न्हाई. पन चैत्र लागलेला, बाया दारात येऊन जायच्या, मिरच्या वाळलेल्या. दुसरा मानूस मिळंना. मी म्हनलं, घरचा पोरगा असताना बाहेर कशाला. राकेशला लावलं.

राकेशनं एका दिवसात उरकलं. जाड वायर परत दिली, चारची आनली. सरळ, म्हसोबाच्या कडंनं, पाइपात घालून इतभर खोल. वायर कमी पडली तर मधी जोड दिला आन काळी पट्टी गुंडाळली. अर्थिंगचा खड्डा केलाच न्हाई, म्हनला फॅशन हाय ती. मी त्याला गूळ-शेंगदाने दिले आन म्हनलं, बघा, चार लुगड्यांत झालं.

डंका सुरू केला. घरातले दिवे मंद झाले, डंका नुसता गुरगुरला, पन मुसळ उचलंना. दुसऱ्यांदा लावला, पेटीतला खटका पडला. राकेश म्हनला, वाघोलीत व्होल्टेजच न्हाई. मग मोठा खटका आनून बसवला. डंका उठला एकदाचा, दमेकऱ्यासारखा. पाच किलो मिरची झाली आन जळका वास आला. तुझी आई म्हनली, मिरचीचा नाही हा वास.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी म्हसोबाला पानी घातलं. डोळे परत बसवले व्हते, कारन आता चोर गेलेला. दुसरी कळशी वतली आन पायातनं मुंग्या आल्या. गुडघ्यापर्यंत. पाय उचलला तर गेल्या. टेकवला तर परत आल्या. धोंड्याला हात लावला, हातातनं बी.

पोरी, मी खाली बसले. चाळीस वर्षं पुजते त्याला, एक दिवस बोलला न्हाई. म्हनलं, डोळे काढले म्हनून कोपला, का परत लावले म्हनून पावला? यमुनाला हाक मारली. तिनं चपला काढल्या, पाय टेकवला, आन तोंडावर पदर धरला. म्हनली, "हाय गं. जागा झालाय."

पाच मिनटांत चार बाया. कुनी हळद आनली, कुनी नारळ. एकीनं पोराला पायावर घालायला आनलं. ओली माती, समद्या अनवानी, आन एकेक जन हात लावून कपाळाला लावतीय. यमुना म्हनती, रांगेनं या.

तुझी आई डबे द्यायला निघालेली. तिनं दारातनं बघितलं. हातातली पिशवी तिथंच टाकली आन अशा आवाजात बोलली की तेवीस वर्षांत माझ्याशी तशी बोलली न्हाई. "पोराला उचला. सगळ्या कोरड्यात व्हा. आई, मागं सरा." पळत पुढं गेली आन मेन पाडली.

मी वाट बघून हळूच पाय टेकवला. काही न्हाई. मेन पाडली तसा देव गेला.

बाया नारळ घिऊन घरी गेल्या. यमुना तेवढी थांबली, तिला चपला सापडंनात.

तुझ्या आईनं मसाल्याच्या वहीतनं कागद काढला. मला वाचता येत न्हाई, पन चित्र कळतं. घर, ग्यारेज, मधी एक गोल, गोलाभवती थेंब काढलेले. वायरीची रेघ घरापासनं निघून कुंपनाच्या भितीकडनं पार वळसा घालून मागं गेलेली. वळसा मोजला तर पावनेतीन लुगडी भरंल, जमिनीत उतरायचं न् वर चढायचं धरून. गोलाजवळ लिहिलेलं तुझ्या आईनं वाचून दाखवलं: "इथून नको. रोज ओल. आजी अनवाणी येतात."

मी तिला म्हनलं, परत वाच. तिनं परत वाचलं.

दुपारी तिच्या स्कूटरवर मागं बसून गेले. केसनंदच्या रस्त्याला एक खोली. भितीवर बुद्धाची तसबीर, खाली त्यानं लावलेले स्विच, एका रेघेत, गिलाव्याला डाग न्हाई. शालन जेवायला घरी आलेली. पोपट खाली बसून कुनाचातरी पंखा उघडत व्हता.

म्हनलं, "तवाच का न्हाई सांगितलं? पान्यामुळं वळसा घालतो म्हनायला तोंड दुखलं असतं का?"

त्यो पंख्याचे स्क्रू वाटीत टाकत ऱ्हायला. शालन म्हनली, "ते देवाचं नाव काढत नाहीत कोणाच्या घरी."

"का?"

मग त्यानं सांगितलं. कर्वेनगरला एका बंगल्यात देवघराच्या भिंतीत ओल जाऊन वायर खराब झालेली. हा म्हनला, देव दोन दिवस दुसऱ्या खोलीत ठेवा. मालकानं त्याचं आडनाव इचारलं. पंधरा दिवस घरात फिरत व्हता तवर कुनी इचारलं न्हवतं. मग म्हनले, तुम्हा लोकांना तेवढंच हवं असतं. "तेव्हापासून देव मध्ये आला की मी वळसा घालतो. वायर जास्त लागते, पण बोलणं कमी लागतं. तुम्हाला म्हणलो असतो, पाणी घालू नका, तर काय म्हणला असता?"

मी काय म्हनले असते ते मला ठाव हाय. त्याचं आडनाव मी बी पहिल्याच दिवशी तुझ्या आईकडनं काढून घेतलं व्हतं. कुनी सांगितलं न्हवतं, मीच इचारलं. आन त्याच दिवशी डोळे तांदळात गेले.

माफी बिफी मला जमत न्हाई. म्हनलं, "उद्या या."

"उद्या काम आहे. परवा येतो."

"परवा या. जेवायलाच या."

"आधी काम."

परवा आला. मेन पाडून, राकेशची वायर उपसून काढली. जोडाजवळची पट्टी वितळून पाइपाला चिकटलेली, पाइपात पानी. त्यानं ती दाखवली बी न्हाई मला, तुझ्या आईनं दाखवली. दहाची परत आनली. कुंपनाच्या कडंनं मांडीएवढा खोल चर, खाली वाळू, वर वायर, परत वाळू, वर विटा, मग माती. उद्या कुनी कुदळ मारली तर विटेला लागंल म्हनं. मी दिवसभर खुर्ची टाकून बसले. राखायला न्हाई. आता सवयच तशी हाय, मी बिस्किटाचा पुडा बी मोजते.

अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आन कोळसा घालायला लागला तवा यमुना भितीवरनं डोकावली. "दृष्ट काढतोय का गं?"

"तुझी काढतोय," म्हनलं.

ग्यारेजातल्या पेटीत त्यानं एक जादाचा खटका बसवला. वीज कुठं गळाया लागली की मानसाला लागायच्या आधी त्यो पडतो. त्याला एक बटन हाय, म्हैन्यातनं एकदा दाबून बघायचं. ते मी दाबते, संकष्टीला. लक्षात राहातं.

डंका लावला. पहिल्या खेपेला मुसळ वर. मी मुद्दाम घरात जाऊन दिव्याकडं बघत बसलेले, त्यो हालला सुदिक न्हाई. तुझ्या आईला निम्मा सीझन तरी गावला, वैशाखात पोत्यांची रांग दारापर्यंत. पोपटानं उरलेले तुकडे वट्ट्यावर मांडले, तीन, वीतभर एकेक. मग जेवला. आमटी दोनदा घेतली.

त्यो गेल्यावर शालनच्या तोंडून कळलं, बापूरावांच्या सोसायटीनं नको म्हनून कळवलं. त्यानं स्वतः सांगितलं नसतंच. मी बापूरावांच्या गेटवर गेले. वॉचमन म्हनला, कमिटीला भेटायला नाव लिहा. मला लिहिता येत न्हाई. नाव सांगितलं, तर म्हनला, आजी, तुमीच तर चोर म्हनलेलं, यमुनाबाईनं सांगितलं रांगेत. म्हनलं, तेच परत घ्यायला आलेय. त्याला ते कळंना. चोर म्हनलेलं लगीच कळतं लोकांना.

यमुनाला घिऊन गल्लीतली अकरा घरं फिरले. चार जनींनी ऐकून घेतलं. एकीनं चहा दिला आन म्हनली, असू दे हो, आपल्याला काय करायचंय. राकेश म्हनतो, आत्याचं डोकं फिरलंय. माझे पाय काय सदाशिव पेठेपर्यंत पोचत न्हाईत, आन यमुनाच्या लेकीनं कर्वेनगरात कुनाकुनाला सांगितलं ते तिला बी आठवत न्हाई.

म्हनून हे जे कुनी वाचत असंल त्यांना माझं सांगनं हाय. वाघोलीचा पोपट वायरमन तांबं पळवतो असं तुमच्या कानावर आलं असंल, तर ज्यानं सांगितलं त्याच्याकडं परत जा. त्याला सांगा, पंचावन्न मीटरातले तीन वीतभर तुकडे माझ्या वट्ट्यावर आन बाकी समदी वायर माझ्या जमिनीत हाय, आन ज्या बाईनं त्याला चोर म्हनलं, तिनंच ते समोर बसून पुरताना बघितलंय. आन कुनी बापूरावांना वळखत असंल तर आधी त्यांना सांगा. त्यांची मीटिंग म्हैन्याच्या पहिल्या रविवारी असती.